बारावा रुमाल

मला वाचता येत नाही, पण अक्षर ओळखता येतं. लांबून येणारं माणूस तोंड दिसायच्या आधी चालीवरून ओळखावं, तसं. उभा जन्म मी रुमालांच्या कोपऱ्यांवर, उशांच्या अभ्र्यांवर आणि टेबलावरच्या कापडांवर लोकांची नावं भरत आले. माझी लेक पेन्सिलीने कापडावर नाव लिहायची आणि मी तिच्या रेघेवरून उलटी टीप घालत जायची. ती पुढे, मी मागे. नाव कुणाचं आणि ते म्हणायचं कसं, याच्याशी मला देणंघेणं नव्हतं. अक्षरांना मी माझीच नावं ठेवली होती. एक काठी टेकलेला म्हातारा, एक पोट सुटलेला, एक शेपटी उचललेली, एक पाठ फिरवून रुसलेली.

"आई, त्या पोट सुटलेल्याला 'ब' म्हणतात," लेक हसायची.

"तुझा ब तुझ्यापाशी. मला तो अकरा टाक्यांचा."

तिचं अक्षर उजवीकडे किंचित कललेलं असायचं. उभी रेघ वरून भरदार निघायची आणि खाली येता येता दोऱ्याच्या टोकासारखी विरून जायची. माथ्यावरची आडवी रेघ ती सरळ कधी ओढत नसे; नाव संपताना ती रेघ हलकेच वर उचलली जायची, खोलीतून निघालेल्या माणसाने दारात एकदा वळून बघावं तशी. आणि एक नाव लिहून झालं की दुसरं सुरू करण्याआधी ती पेन्सिल कापडावर टेकवून क्षणभर थांबायची. तिथे एक ठिपका पडायचा, खसखशीएवढा. त्या ठिपक्यावर मी कधी टाका घातला नाही. तो तिचा श्वास होता, नाव नव्हतं.

आम्ही खिडकीपाशी एका टेबलावर बसायचो. ती लिहीत असली की मला बघायला आवडायचं आणि बघता बघता मी पुढे झुकायची. मग मान वर न करता ती म्हणायची, "आई, सरक जरा. उजेड अडतोय." दिवसातून दहा वेळा.

"मी काय काचेची आहे?" असं म्हणत मी खुर्ची डावीकडे ओढायची.

ती गेली त्या दिवसाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. तिच्या गळ्यात गाठ झाली होती. डॉक्टरांनी कापून काढली, पण आवाज काही दिवस येणार नाही म्हणाले. त्या वेळी आमच्याकडे बारा रुमालांचं काम होतं. बाहेरगावी दौऱ्यावर निघालेल्या एका वाद्यवृंदातल्या बारा जणांची बारा नावं, आणि ते घेऊन जायला त्यांच्या प्रमुख बाई दुसऱ्या दिवशी येणार होत्या. लेक इस्पितळाच्या खाटेवर उशीला टेकून नावं लिहायची, मी घरी जाऊन भरायची. अकरा झाले होते. त्या दुपारी मी गेले तेव्हा तिने खुणेने पेन्सिल मागितली, बारावा रुमाल मांडीवर ताणून धरला आणि लिहायला लागली. हात कापत होता. लिहून झाल्यावर रुमाल माझ्या हातात दिला आणि माझं मनगट घट्ट धरलं.

मी बघितलं. नाव लांबलचक होतं, नेहमीच्या दोनअडीच बोटांऐवजी चांगलं वीतभर. मला वाटलं, वाद्यवृंदातला कुणी मोठा माणूस असेल, हुद्द्यासकट लिहिलं असेल.

"हो गं, सुबक करते," मी म्हटलं. "तू पड. ऊन आहे तोवर घरी जाऊन संपवून टाकते."

तिने मनगट सोडलं नाही. मीच एकेक बोट सोडवलं. लहानपणी शाळेच्या दारात सोडवायची तसं, हसत हसत.

मी घरी जाऊन तो रुमाल भरला. शेवटचा टाका घातला तेव्हा ऊन भिंतीवर चढलं होतं, आणि तेवढ्यात निरोप आला.

त्या बाई दुसऱ्या दिवशी आल्या. दारातली माणसं बघून त्यांना कळलं. गठ्ठा न उघडताच त्यांनी छातीशी धरला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेल्या. त्या काही परत आल्या नाहीत. रुमालांबद्दल कुणी काही कळवलंही नाही. मेलेल्याच्या घरी कोण रुमालाची तक्रार घेऊन येतं?

लेकीची लेक तेव्हा चार वर्षांची होती. तिचा बाप दूर नोकरीला गेला तो तिकडचाच झाला, म्हणून पोरगी माझ्याकडेच वाढली. एका जागी बसेल तर शपथ, म्हणून मी तिला भिंगरी म्हणते. हे सगळं मी सांगतेय आणि तीच लिहून घेतेय; साध्या, जाड, पुस्तकी अक्षरांत लिही, तुझ्या आईच्या वळणात नको, अशी माझी अट आहे. का, ते पुढे येईल.

भिंगरी मोठी झाली आणि अक्षरांच्याच धंद्यात पडली. एका छपाईच्या कंपनीत ती फॉन्ट बनवते. फॉन्ट म्हणजे काय, हे तिने मला तीन वेळा समजावलं. माणसाचं एकेक अक्षर घ्यायचं, घासूनपुसून यंत्रात ठेवायचं, मग कुणीही बटण दाबलं की ते अक्षर जसंच्या तसं उमटतं. हजारदा दाबलं तरी तेच.

"म्हणजे साचा," मी म्हटलं.

"साचाच. पण हाताने लिहिल्यासारखा दिसणारा."

मग एक दिवस तिने आईच्या जुन्या वह्या काढल्या, नावांच्या याद्या काढल्या, पेन्सिलीचे पुसट कागद काढले आणि म्हणाली, "आजी, मी आईचा फॉन्ट करते."

मी नको म्हणाले नाही. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू! वर्षभर ती भिंग लावून त्या रेघांवर बसली. विरत जाणारी टोकं यंत्राला पकडता येत नव्हती, तेव्हा मी घरात राहिलेले जुने रुमाल काढून दाखवले की इथे ती हात उचलायची, इथे दाबायची. मला लिहिता येत नाही, पण ती कुठे दाबायची हे तिच्याइतकंच मला ठाऊक होतं. अक्षरामागून अक्षर जमत गेलं. शेवटी एकच उरलं.

"'ऊ' कुठेच नाही," भिंगरी म्हणाली. "सगळ्या याद्या पालथ्या घातल्या. एकाही नावात नाही. मीच बनवते आता अंदाजाने, 'उ'ला शेपूट जोडून."

"दिसतं कसं ते?"

तिने कागदावर काढून दाखवलं. मी ते बघितलं, सुई हातात घेतली आणि कापडावर टाके घालायला लागले. वाकायचं, वळायचं, मागे एक शेपटी उचलायची आणि टोकाला सोडून द्यायचं. सतरा टाके. बोटांनी विचारसुद्धा केला नाही.

भिंगरी बघत राहिली. "अगदी आईचं! आजी, हे कुठे भरलं होतंस?"

"एकदाच," मी म्हटलं. "बाराव्या रुमालावर."

"पण ती यादी आहे ना माझ्याकडे. वाद्यवृंदाची." तिने कागद काढला, बोट फिरवत वाचला. "बारा नावं. बाराव्या नावाला तीनच अक्षरं आहेत, आजी. 'ऊ' नाही यात."

सुई माझ्या हातात तशीच राहिली. बावीस वर्षं मी त्या रुमालावरच्या ओळीला नाव समजत होते. माझ्या लेकीला बोलता येत नव्हतं, म्हणून तिने मला काहीतरी लिहून दिलं होतं. मला वाचता येत नाही हे तिला माहीत होतं, पण दारात नर्स होती, शेजारच्या खाटेवर बाई होती, कुणालाही दाखवलं असतं तर एका दमात वाचलं असतं. मी ते घरी नेलं, दोऱ्याने पक्कं केलं आणि परक्या माणसाला देऊन टाकलं.

त्यानंतर मी कितीतरी दिवस बोटांना आठवायला लावलं. कोरा रुमाल ताणून बसायची, सुई टोचायची. बोटं एवढी एकच शेपटी करायची आणि थांबायची. पुढचंमागचं काही येईना. खाणंपिणं गोड लागेना. मला दुसरं काही नको होतं. तिने काय लिहिलं होतं, तेवढं कळायला हवं होतं.

फॉन्ट बाजारात गेला. कंपनीच्या मालकांनी त्याचं नाव 'झुळूक' ठेवलं. लोकांना तो फार आवडला. अत्तराच्या बाटल्यांवर, केकच्या खोक्यांवर, समारंभाच्या आमंत्रणांवर, शाळेच्या प्रशस्तिपत्रांवर, जिकडे बघावं तिकडे माझ्या लेकीचा हात. भिंगरी सांगायची की नाजूक अक्षर सगळीकडे चालत नाही. लहान केलं तर टोकं गळून पडतात, गडद कागदावर श्वास कोंडतो. पण ऐकतो कोण? कोपऱ्यावरच्या दवाखान्याने तर 'फाटकासमोर गाडी लावू नये' असा फलक त्याच अक्षरात केला. तिथे जास्तच गाड्या लागायला लागल्या.

"कशी नाही लावणार?" भिंगरी म्हणाली. "धमकी वाचतोय असं वाटतच नाही, कुणीतरी जेवायला बोलावतंय असं वाटतं!"

आम्ही हसलो. त्या घरात बऱ्याच दिवसांनी.

पहिला ठिपका मला एका अत्तराच्या खोक्यावर दिसला. नाव संपलं होतं, माथ्यावरची रेघ उचलली गेली होती आणि त्यापुढे थोडी जागा सोडून खसखशीएवढं काहीतरी होतं.

"हे कशाला घेतलंस फॉन्टात?" मी विचारलं.

"काय? ते? शाईचा डाग आहे, आजी."

मी खोकं बाजूला ठेवलं. पण मग कपाटातली सगळी खोकी, सगळ्या पत्रिका काढल्या. जुन्यांवर ठिपका नव्हता. त्या महिन्यात छापलेल्या प्रत्येक कागदावर होता, प्रत्येकाच्या शेवटी, नाव संपल्यावर तेवढीच जागा सोडून. पुढच्या आठवड्यात भिंगरीने कुणाच्या तरी निवृत्तीच्या समारंभाची पत्रिका आणली, तर त्यावर नुसता ठिपका नव्हता. ठिपक्यातून एक रेघ निघाली होती. वरून भरदार, खाली विरत गेलेली.

भिंगरीने यंत्र उघडून बघितलं. पडद्यावर काही नव्हतं. तिने ते कागद भिंगाखाली धरले, कंपनीतल्या छपाईवाल्याला दाखवले. त्याने यंत्र पुसलं, शाई बदलली. पुढच्या पत्रिकेवर त्या रेघेशेजारी दुसरी आली. त्यापुढच्या खोक्यावर त्यांच्या माथ्यावरून आडवी गेली. मग कुणाच्या वाढदिवसाचं आमंत्रण आलं आणि भिंगरी ते हातात घेऊन दारातच उभी राहिली.

"अक्षर झालंय, आजी," ती हळूच म्हणाली. "'आ' आहे."

"वाचू नकोस," मी म्हटलं.

"अगं, पण—"

"अर्धवट वाचू नकोस. मी एकदा अर्धवट बघून निघून आले होते. सगळं येऊ दे."

तिने माझ्याकडे असं बघितलं, जसं मी ताप डोक्यात गेलेल्या माणसाकडे बघेन. पण वाचलं नाही. तेव्हापासून ती कागद आणून माझ्या हातात उलटा द्यायची आणि आत निघून जायची. मी रुमाल ताणून ठेवला होता. कागदावर जेवढं नवं आलेलं असायचं, तेवढंच मी पेन्सिलीने उतरवून घ्यायची आणि त्यावर टाके घालायची. बोटांना आता आठवत होतं. मी रेघ बघायच्या आधीच सुई वळायची. सतराव्या टाक्याची ती शेपटी आली त्या दिवशी मी दार लावून रडले.

तिकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी सुरू झाल्या होत्या. कुणी म्हणालं, आमच्या पत्रिकेवर वेडंवाकडं काय छापलंय? एका शाळेने प्रशस्तिपत्रांचा गठ्ठाच्या गठ्ठा परत पाठवला. मालकांनी भिंगरीला बोलावून सांगितलं की 'झुळूक' बंद करायचा, सगळीकडून काढून घ्यायचा, शुक्रवारनंतर त्यात एक ओळ छापायची नाही.

"दोन आठवडे थांबायला सांग," मी म्हटलं.

"ते माझे मालक आहेत, आजी, भाचे नाहीत. नोकरी जाईल माझी."

"ओळ पुरी झालेली नाही."

"तुला कसं कळतं झालेली नाही ते?"

"शेवटची रेघ अजून वर उचललेली नाही."

शुक्रवारी दुपारी ती लवकर घरी आली. हातात पत्रिका नव्हती, खोकं नव्हतं. तिने घरचा लहान प्रिंटर खिडकीजवळच्या टेबलावर ठेवला, लॅपटॉप उघडला.

"आता यानंतर मी तो पुसून टाकणार आहे," ती म्हणाली. "काहीच टाइप केलेलं नाही. कोरं पान. नुसता फॉन्ट निवडलाय. काही आलं तर आलं."

मी खुर्ची ओढून टेबलाशी बसले. प्रिंटरने कागद आत ओढला, कुरकुर केली आणि बाहेर सोडला.

पानाच्या मधोमध ओळ होती. एकच, सबंध. शेवटी माथ्यावरची रेघ हलकेच वर गेली होती. मी रुमाल शेजारी ठेवून बघितलं. माझ्या रुमालावर जेवढं होतं तेवढं जुळत होतं, आणि पुढे दोन शब्द जास्त होते. मी ते शांतपणे उतरवून घेतले, भरले, दोरा दाताने तोडला. तेवढा वेळ भिंगरी खिडकीकडे तोंड करून उभी होती. मग मी कागद तिच्यापुढे केला.

"आता वाच."

तिने वाचलं. आधी मनात, ओठ हलले आणि थांबले. मग मोठ्याने वाचलं. तिचा आवाज आईसारखाच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

"'आई, आज जाऊ नकोस. इथेच थांब.'"

मी माझ्या मनगटाकडे बघत होते. पाच बोटं मी एकेक करून सोडवली होती. आधी करंगळी, शेवटी अंगठा. एवढंच मागितलं होतं तिने. वाचायला यायला हवं होतं असंही नाही. नुसतं बसून राहायला हवं होतं.

"थांबले गं," मी कागदाला म्हटलं. "आता नाही कुठे जात."

भिंगरीने डोळे पुसले, लॅपटॉप ओढला आणि फॉन्ट पुसून टाकला. मला दाखवलं, यादीत त्याचं नाव राहिलं नव्हतं. "संपलं, आजी," ती म्हणाली आणि प्रिंटरची वायर काढायला खाली वाकली.

तेवढ्यात प्रिंटरने दुसरा कागद आत ओढला.

तो सावकाश बाहेर आला. भिंगरी गुडघ्यांवर बसली होती, तिच्या हातात वायर होती. वायरचं टोक मोकळं होतं. मी कागद घेतला आणि टेबलावर ठेवला. दुसरी ओळ होती ती, पहिलीपेक्षा लहान. हात कापत नव्हता. निवांत, रोजच्यासारखं अक्षर, काम चालू असताना लिहितात तसं. ही ओळ मी कधी कापडावर भरलेली नव्हती. नीट दिसावं म्हणून मी पुढे झुकले.

"काय आहे?" मी विचारलं.

भिंगरी उठून माझ्या खांद्यावरून बघत राहिली. तिने हे वाक्य कधी ऐकलं नव्हतं. चार वर्षांच्या पोरीला काय आठवणार, आणि मी ते बावीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. तिने ते अडखळत वाचलं, परक्या माणसाचं पत्र वाचावं तसं.

"'आई, सरक जरा. उजेड अडतोय.'"

मी खुर्ची डावीकडे ओढली. खिडकीतून ऊन सरळ कागदावर आलं. ओळ संपली होती तिथून थोडी जागा सोडून, कोऱ्या पांढऱ्यावर, खसखशीएवढा एक ठिपका होता. मी त्याला बोट लावलं. तो ओला होता.